अमेरिकेत बंदूक घेताना, विकताना, राज्य बदलताना: या चुका टाळा

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. शनिवार-रविवारी एका रेंजवर नव्या लोकांना रायफल धरायला शिकवतो आणि उरलेल्या वेळात आपल्या मराठी मंडळींचे तेच तेच फोन घेतो. मी वकील नाही. पण ज्या चुकांसाठी पुढे वकील गाठावा लागतो, त्या बऱ्याचदा आधी माझ्या कानावर येतात. लोकांना कॅलिबर पाठ असतात, यूट्यूबवरचे रिव्ह्यू पाठ असतात. आपण कोणत्या राज्यात राहतो आणि कोणत्या कागदावर या देशात राहतो, हे मात्र पैसे देऊन झाल्यावर आठवतं.

“मित्रालाच तर देतोय”

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फेडरल कायदा १९६८ पासून स्पष्ट आहे. परवानाधारक डीलर नसलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या तशाच माणसाला बंदूक थेट विकायची नाही. भेट म्हणूनही द्यायची नाही. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेली बंदूक आणि शिकारीसाठी तात्पुरती उसनी दिलेली बंदूक हे त्यातले अपवाद. बाकी व्यवहारात मध्ये डीलर हवाच. त्याला इथे सगळे एफएफएल म्हणतात. तो खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरून घेतो, बॅकग्राउंड चेक म्हणजे पूर्वेतिहासाची तपासणी करतो आणि मगच बंदूक हातात देतो.

आमच्या ओळखीचे पेनसिल्व्हेनियातले एक गृहस्थ कायमचे भारतात परतायला निघाले होते. घर विकलं, गाडी विकली, राहिली ती शिकारीची शॉटगन. न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा जुना मित्र म्हणाला, मी घेतो. रविवारी दुपारी तो न्यू जर्सीहून आला, जेवला आणि फोनवरून पैसे पाठवले. व्यवहाराच्या कारणात त्याने चक्क ‘शॉटगन’ असं लिहिलं! बंदूक गाडीच्या डिकीत ठेवायची तेवढी बाकी होती. यजमानांनी सहज मला फोन केला, “अरे, साध्या कागदावर पावती दिली तर चालेल ना?”

मी म्हटलं, काका, पावती राहू दे, आधी डिकी बंद करा. रिकामी.

त्या दिवशी ती बंदूक दोन राज्यांच्या सीमेवरची डेलावेअर नदी ओलांडून गेली असती, तर दोघांच्याही नावावर फेडरल गुन्हा झाला असता. एकाचा दुसऱ्या राज्यातल्या माणसाला विकल्याचा, दुसऱ्याचा दुसऱ्या राज्यातून घेऊन घरी आणल्याचा. शिवाय न्यू जर्सीत शॉटगन घ्यायलासुद्धा आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड लागतं. त्यासाठी पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, तुमच्याबद्दल सांगणारी माणसं असं सगळं असतं. मित्राकडे ते कार्ड नव्हतंच. “डीलरकडे जाऊन आजच उरकू” म्हणत होता. कार्डाशिवाय कुठलाही डीलर त्याला ती देणार नव्हता, नदीच्या इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही.

काकांचं विमान पुढच्या आठवड्यात. शेवटी पैसे परत गेले आणि शॉटगन स्थानिक डीलरने मिळेल त्या भावात घेतली. मित्र अजून माझ्यावर रुसलेला आहे. रुसू दे.

आता गोंधळ कुठे होतो, तर एकाच राज्यातल्या दोन रहिवाशांमध्ये. टेक्सस, जॉर्जिया, ॲरिझोना अशा राज्यांत दोन सामान्य रहिवाशांच्या खाजगी विक्रीला बॅकग्राउंड चेकची सक्ती नाही. टेक्ससमधला चुलतभाऊ ते ऐकवतो आणि आपला माणूस कॅलिफोर्नियात बसून मान डोलावतो. कॅलिफोर्नियात खाजगी विक्रीही डीलरमार्फतच होते आणि वर १० दिवस थांबावं लागतं. न्यूयॉर्क, कोलोरॅडो, वॉशिंग्टन इथेही खाजगी विक्रीला चेक लागतो. आमच्या पेनसिल्व्हेनियाची तर आणखी तिसरीच तऱ्हा. रायफल-शॉटगन दोन रहिवासी आपसांत विकू शकतात, पिस्तूल मात्र डीलर किंवा शेरिफच्या कचेरीतूनच. नवरा-बायको, आईवडील-मुलं, आजीआजोबा-नातवंडं यांना तेवढी सूट.

कायदे बदलतातही. व्हर्जिनियाने खाजगी विक्रीला चेक २०२० मध्ये आणला. नॉर्थ कॅरोलायनाने पिस्तूल खरेदीचा जुना परमिट २०२३ मध्ये काढून टाकला. पाच वर्षांपूर्वी कुणी काय केलं होतं, याला आज काही किंमत नाही.

माझी सवय सांगतो. कायद्याने गरज नसेल तरी मी डीलरकडे जातो. बऱ्याच दुकानांत २५ ते ५० डॉलर घेतात. सीरियल नंबर, तारीख, पावती असं सगळं एका फाइलमध्ये. ती बंदूक उद्या कुठल्या गुन्ह्यात सापडली, तर पोलीस आधी नोंदीत सापडलेल्या खरेदीदाराचं दार ठोठावतात. पन्नास डॉलर वाचवायला जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांना रेंजवर माझ्या शेजारी उभंही करत नाही.

व्हिसावर असताना “एकदा हातात घेऊन बघू”

ही चूक आपल्या लोकांची खास.

एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा त्यांच्यावर अवलंबून असलेला एच-४, असा कुठलाही नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचा व्हिसा असेल, तर फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या बाळगायला मनाई आहे. ‘विकत घ्यायला’ नव्हे, ‘बाळगायला’. रेंजवर भाड्याने घेऊन झाडलेली बंदूकही त्यात येते. लास व्हेगासला बॅचलर पार्टीला गेलेली पोरं मशीनगन हातात घेतलेले फोटो टाकतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. काउंटरवरच्या माणसाने कागद नीट विचारले नाहीत, याचा अर्थ परवानगी मिळाली असा होत नाही.

गंमत बघा. ब्रिटन किंवा जपानचा पर्यटक व्हिसा वेव्हरवर आला असेल, तर ही विशिष्ट बंदी त्याला लागत नाही, कारण तो व्हिसावर आलेलाच नसतो. आपण रांगेत उभे राहून, मुलाखत देऊन व्हिसा घेतो आणि बंदी आपल्याला. तर्क शोधत बसू नका, पाळा.

फ्लोरिडातल्या एका परदेशी विद्यार्थ्याचं प्रकरण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. विद्यापीठाने काढल्यावर त्याचा विद्यार्थी दर्जा संपला होता आणि तो रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला, एवढ्यावर खटला. न्यायालय म्हणालं, आपला दर्जा काय आहे हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. निकाल त्याच्या बाजूने लागला म्हणून लोक मला हे उदाहरण देतात. अरे, पण आपण एच-१बीवर आहोत हे कुणाला ठाऊक नसतं?

अपवाद आहे. अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं शिकारीचं वैध लायसन्स असेल, तर ही बंदी उठते. मग मंडळी काय करतात? फोनवरून लायसन्स काढतात, त्याच दिवशी दुकानात जातात आणि लायसन्सची मुदत संपते ती तारीख विसरतात. ज्या दिवशी मुदत संपली, त्या दिवसापासून कपाटातली बंदूक गुन्हा ठरते. बंदूक तीच, कपाट तेच. माझ्या मते ज्याला शिकारीत काडीचा रस नाही, त्याने या वाटेला जाऊच नये. जायचंच असेल तर नूतनीकरण महिनाभर आधी करा आणि लायसन्सची प्रत बंदुकीसोबत ठेवा.

ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असणं म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. हातात कार्ड आलं की या. तोवर माझ्याकडे सुरक्षिततेचे नियम तोंडी शिका, ते फुकट आहे. बंदुकीशी संबंधित शिक्षा झाली, तर ती देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण ठरते आणि त्यापुढे नोकरी, घर, मुलांची शाळा काही मोजलं जात नाही.

घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसरा व्हिसावर असेल, तर तिजोरीची किल्ली किंवा नंबर ग्रीन कार्डवाल्याकडेच. हाताशी असणं हेही बाळगणंच धरलं जाऊ शकतं.

दुसऱ्यासाठी आपल्या नावावर घेणे

फॉर्म ४४७३ वर विचारतात, खरा खरेदीदार तुम्हीच का? व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने पेनसिल्व्हेनियातल्या काकांसाठी पिस्तूल घेतलं आणि ‘हो’ लिहिलं. काकांनी ४०० डॉलरचा चेक आधीच पाठवला होता. काका बंदूक घ्यायला पूर्ण पात्र होते, पिस्तूल त्यांना रीतसर डीलरमार्फतच दिलं गेलं. तरी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याची शिक्षा कायम ठेवली, कारण फॉर्मवर खोटं लिहिलं होतं. २०२२ पासून तर अपात्र माणसासाठी अशी खरेदी करणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतःच्या पैशाने घेतलेली खरीखुरी भेट चालते. पैसे त्याचे आणि सही तुमची, हे चालत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

एका राज्याचा कॅरी परमिट, म्हणजे बंदूक सोबत घेऊन फिरण्याचा परवाना, दुसरीकडे चालेल हे गृहीत धरू नका. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई पेनसिल्व्हेनियाचा परमिट घेऊन न्यू जर्सीत गाडी चालवत होती. पोलिसाने थांबवल्यावर तिनेच प्रामाणिकपणे सांगितलं, गाडीत पिस्तूल आहे. साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या कैदेची टांगती तलवार डोक्यावर आली. २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली. प्रत्येकाला गव्हर्नर भेटत नाही.

घर बदलताना सामानाच्या ट्रकआधी नव्या राज्याचा कायदा वाचा. न्यू जर्सीत १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन चालत नाही. कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर सोबत आणलेल्या बंदुकीबद्दल ६० दिवसांत राज्याला कळवावं लागतं.

प्रवासात संरक्षण देणारा फेडरल कायदा आहे, पण बंदूक रिकामी आणि हाताला न लागणारी हवी, शिवाय निघता ती आणि पोचता ती, दोन्ही ठिकाणी कायदेशीर हवी. २००५ मध्ये यूटाच्या एका प्रवाशाचं नेवार्कला पुढचं विमान चुकलं. सामान हातात दिलं गेलं, तो रात्री हॉटेलात राहिला, सकाळी काउंटरवर पिस्तूल स्वतःहून जाहीर केलं आणि अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण अपील न्यायालयाने सांगितलं, हॉटेलात बंदूक तुमच्या हाताशी होती, संरक्षण संपलं. अशा वेळी बॅग ताब्यात घेऊच नका.

ऑनलाइन घेतलेली बंदूक ॲमेझॉनच्या खोक्यासारखी दारात येत नाही, डीलरकडे येते. गन शोमध्येही परवानाधारक डीलरला चेक करावाच लागतो. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला, तरी फॉर्म ४४७३ वरचा ‘गांजा घेता का’ हा प्रश्न फेडरल कायद्यानुसारच असतो.

आणि रेंजची पिशवी घेऊन भारतात जाऊ नका. कुठल्या तरी कप्प्यात एखादं जिवंत काडतूस राहतं, मुंबईला किंवा परतताना स्कॅनरवर दिसतं आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. बॅगेत काडतूस आहे हे प्रवाशाला ठाऊकच नव्हतं, म्हणून न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत. पण तोवर सुट्टी संपलेली असते आणि परतीचं तिकीट वाया गेलेलं असतं. माझी रेंजची पिशवी भडक केशरी आहे आणि ती गॅरेजमधून फक्त रेंजवर जाते.