राखेचा ढग, वादळी ढग आणि उंचीचा घोळ: या चुका टाळा

ज्वालामुखीची राख कुठे पसरेल हे सांगणाऱ्या संगणकी मॉडेलमध्ये राख भलतीकडे गेली किंवा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त पडली, की पहिला संशय वाऱ्याच्या आकड्यांवर जातो. माझ्या मते आधी ढगमाथ्याची उंची तपासावी. निम्मे घोळ तिथेच सापडतात.

उद्रेकस्तंभाची, म्हणजे मुखातून वर उठणाऱ्या राख-वायूच्या खांबाची, उंची ही दर सेकंदाला बाहेर पडणाऱ्या मालाच्या (राख, खडक, वायू) साधारण चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढते. उंचीवरून माल काढायचा, तर चौथा घात घ्यावा लागतो. उंची २० टक्के जास्त धरली, तर माल थेट दुप्पट होतो.

त्यातली सगळ्यात बावळट, पण नेहमीची चूक म्हणजे उंची कुठून मोजली हेच न पाहणं. या सूत्राला उंची ज्वालामुखीच्या मुखापासून लागते, अहवालात ती बहुधा समुद्रसपाटीपासून असते आणि विमानांच्या सूचनांत शंभर फुटांच्या एककात. मुख ३ किमीवर आणि ढगमाथा ७ किमीवर असेल, तर स्तंभ ४ किमीचा. तिथे ७ घातले, की राख नऊपटीहून जास्त निघते.

तापमानावरून उंची

अवरक्त चित्रातून ढगमाथ्याचं तापमान घ्यायचं आणि हवामान-फुग्याने वेगवेगळ्या उंचीवर मोजलेल्या तापमानाशी जुळवून उंची काढायची, ही रीत तपांबरातल्या (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरातल्या) दाट ढगाला चालते. ढग विरळ असेल, तर खालच्या जमिनीची ऊब त्यातून दिसते आणि उंची कमी निघते. ढग तपस्तब्धी, म्हणजे तपांबराची वरची सीमा, ओलांडून गेला, तर वर तापमान पुन्हा वाढत असल्याने एकाच तापमानाला दोन उंच्या मिळतात. जोरदार वादळी ढगाचा उसळलेला माथा तर भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. त्याचं तापमान तक्त्यात कधीकधी सापडतच नाही.

अशा वेळी भूमिती वापरा. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगातल्या हुंगा ज्वालामुखीचा ढग सुमारे ५७ किमीवर, म्हणजे खूप वरच्या मध्यांबर या थरात गेला. ही उंची तापमानातून नव्हे, तर वेगवेगळ्या जागांच्या भूस्थिर उपग्रहांना तो किती सरकलेला दिसतो यावरून निघाली. एकच उपग्रह असेल, तर हेच सरकणं फसवतं: शिरोबिंदूपासून (थेट डोक्यावरच्या दिशेपासून) ६० अंश कलून पाहिल्यास १५ किमी उंचीचा माथा नकाशावर सुमारे २६ किमी लांब पडतो. मग विजांच्या नोंदी ढगाबाहेर दिसल्या, तर वीज-यंत्रणेला दोष देऊ नका.

राख दिसली नाही म्हणजे नाही?

११ आणि १२ मायक्रॉनच्या अवरक्त लहरींत मोजलेल्या तापमानांतला फरक (११ वजा १२) ऋण आला की राख, हा नियम सोयीचा आहे. पण राखेच्या कणांवर बर्फ चढला, की खूण पुसली जाते. पापुआ न्यू गिनीतल्या रबाऊलच्या १९९४च्या उद्रेकात समुद्राचं पाणी ढगात गेलं आणि उपग्रहाला तो बर्फाचा ढग वाटला. वाळवंटी धूळ उलटा चकवा देते: राख नसताना राखेची खूण दाखवते. विमानातल्या हवामान रडारवरही विसंबू नये, कारण ते पावसाच्या थेंबांसाठी असतं. २४ जून १९८२ला इंडोनेशियातल्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या कोरड्या, बारीक राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली (नंतर सुरू झाली). रडारवर काहीच नव्हतं.

मॉडेलची बाजू

वारा न धरता सूत्र वापरलं, तर आइसलँडमधल्या २०१०च्या एय्याफ्याल्लायोकुल उद्रेकासारखा वाकलेला स्तंभ बुटका दिसतो आणि माल कमी निघतो. दमट उष्ण कटिबंधात उलट होतं: ओढून घेतलेल्या बाष्पाची उष्णता छोट्या उद्रेकालाही वर नेते, म्हणून माल फुगतो. फिलिपिन्समधल्या १९९१च्या पिनाटुबोसारख्या प्रचंड उद्रेकात राखेची छत्री स्वतःच्या जोरावर वाऱ्याविरुद्धही पसरते. राख फक्त वाऱ्यावर सोडणाऱ्या मॉडेलला हे कळतच नाही.

वादळी ढगात बाहेरची हवा किती मिसळते, हा नाजूक भाग. हवेला वर उसळवायला उपलब्ध ऊर्जा किलोला २००० ज्यूल असेल, तर कागदावर ऊर्ध्वप्रवाह सेकंदाला ६३ मीटर येतो; प्रत्यक्षात मिसळण आणि पाण्याचा भार तो बराच खाली आणतात. मॉडेलच्या ३ किमीच्या चौकटींच्या ग्रिडवर ही मिसळण नीट उमटत नाही.

शेवटी, राखेचा थर जुळत नाही म्हणून उंची ओढूनताणून बदलू नका. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सच्या १८ मे १९८०च्या उद्रेकात सुमारे ३०० किमीवरच्या रिट्झव्हिलजवळ थर मधल्या पट्ट्यापेक्षा जाड होता. बारीक कण एकमेकांना चिकटून लवकर खाली आले होते. उंची कितीही फिरवली असती तरी थराचा तो जाडपणा मॉडेलमध्ये आला नसता.