धावपळ एकाची, नजर दुसऱ्याची : रहस्यमालिकेत ज्येष्ठ नायकाच्या जोडीला दुसरा तपासनीस कसा उभा करावा

गोव्यात मराठी रहस्यमालिका करायची म्हटली की मुख्य तपासनीसाच्या भूमिकेसाठी आधी आठवतो तो साठी ओलांडलेला एखादा नट. देवळाच्या उत्सवातील नाटकांत आणि कला अकादमीच्या स्पर्धेत त्याने उमेदवारीपासून केस पांढरे होईपर्यंत पार्ट केलेले असतात. त्याचा आवाज कमावलेला असतो, नजर स्थिर असते आणि गावोगावचा प्रेक्षक त्याला नावाने ओळखतो. मात्र रंगमंचावरील तीन तास वेगळे आणि चित्रीकरणाचे बारा तास वेगळे. चौथ्या-पाचव्या भागापर्यंत त्याचे गुडघे कुरकुरू लागतात, लांब संवाद अडखळतात, आणि मग एखादा तरुण चेहरा आणण्याचा विचार पुढे येतो. हा विचार योग्यच आहे, पण तो अमलात आणताना बहुधा ज्येष्ठ नटाचे संवाद कापून तरुणाच्या तोंडी घातले जातात आणि त्यात दोघांचेही नुकसान होते. मी अशा दोन मालिकांची पटकथा लिहिली. पहिलीत ही चूक माझ्याच हातून झाली. दुसरीत जे साधले, ते येथे सविस्तर मांडतो.

सर्वप्रथम पात्राचे वय कागदावर निश्चित करावे आणि ते लपवू नये. गोव्यात सरकारी नोकरीतून निवृत्तीचे वय 60 आहे. सहासष्ट वर्षांच्या नटाला केस काळे करून सेवेतील निरीक्षक म्हणून उभे केले, तर फोंड्यातील कोणताही प्रेक्षक पहिल्याच दृश्यात शंका घेईल, आणि रहस्यकथेत चुकीच्या ठिकाणी शंका आली की पुढचे सारेच ढासळते. त्याला निवृत्त अधिकारी करावे. एका निर्णयात अर्धी वाटणी आपोआप होते, कारण निवृत्त माणसाला पोलीस म्हणून कोणाला अटक करता येत नाही, झडती घेता येत नाही, साक्षीदाराचा जबाबही नोंदवता येत नाही. हे सर्व अधिकार सेवेतील तरुण उपनिरीक्षकाकडे राहतात. तरुण पात्र त्यामुळे कथेत पाहुणा ठरत नाही, त्याच्यावाचून तपास एक पाऊलही पुढे सरकत नाही. ज्येष्ठाकडे उरतो तो अनुभव आणि अंदाज, आणि प्रेक्षक त्याच्याकडे पाहतो तोही त्याच दोन गोष्टींसाठी.

कायदा नीट वाचला तर पटकथेला आणखी मदत होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण करणे आवश्यक आहे. या एका तरतुदीने माझे एक रखडलेले दृश्य सोडवले. त्याचा तपशील देतो, कारण भार कसा वाटावा हे त्यातून सर्वांत स्पष्ट दिसते.

मूळ दृश्य असे होते की आमचा ज्येष्ठ नायक मृताच्या जुन्या घरात जातो, राजांगण म्हणजे घरामधले मोकळे अंगण ओलांडतो, शिडीने माळ्यावर चढतो आणि तेथून स्वयंपाकघरात डोकावताना त्याला धागा सापडतो. पावसाळ्याचे दिवस होते, राजांगणातील चिऱ्यांवर शेवाळ धरलेले होते. दुसऱ्या टेकनंतर ती भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ नटाने, आमच्या भाईंनी, शिडीला हात लावला आणि तसेच उभे राहिले. युनिटमधील कोणीही काही बोलले नाही. ते दृश्य त्या दिवशी रद्द झाले आणि रात्री मी ते नव्याने लिहिले. नव्या दृश्यात माळ्यावर उपनिरीक्षक चढतो, झडतीचे चित्रीकरण होते, आणि तो ते मोबाईलवर घेऊन बाहेर येतो. भाई बाल्कांवातील, म्हणजे घराच्या दर्शनी ओसरीतील, सोप्यावर (बांधीव बाकावर) बसलेले असतात. दोघे एकच पडदा पाहतात. चित्रफितीत स्वयंपाकघर येते आणि पुढे सरकते. भाई म्हणतात, “थांब. मागे घे.” पडद्यावर खवणी दिसते, तिच्या दातांना नारळाचा पांढराशुभ्र चव चिकटलेला आहे. मृताच्या भावाने जबाबात सांगितलेले असते की आदल्या दुपारपासून घरात चूल पेटली नव्हती. या दमट हवेत खवलेला नारळ दुसऱ्या दिवशी पांढरा राहत नाही, हे उपनिरीक्षकाला सांगावे लागत नाही, तोही गोव्याचाच आहे. तो फक्त मान वर करून भाईंकडे पाहतो आणि जीपकडे धावतो.

पायांचे सर्व काम तरुणाकडे गेले, चित्रफीतही त्याच्याच जोखमीने आली, आणि तरीही दृश्य भाईंचे राहिले, कारण दिसलेल्या वस्तूचा अर्थ त्यांनी ओळखला. तेव्हापासून मी प्रत्येक दृश्यासमोर समासात दोन प्रश्न लिहितो : वस्तू कोण आणतो आणि तिचा अर्थ कोण लावतो. दोन्ही उत्तरे सलग तीन दृश्यांत एकच आली, तर त्यांतील एक दृश्य मी पुन्हा लिहायला घेतो.

दुसऱ्या तपासनीसाचा प्रवेश सकारण असावा. अमेरिकेतील ‘बार्नबी जोन्स’ ही मालिका 1973 मध्ये सुरू झाली तेव्हा नायक बडी एब्सन 64 वर्षांचे होते. 1976 मध्ये मार्क शेरा हा तरुण नट त्यांच्या जोडीला आला. त्याचे पात्र बार्नबीच्या चुलतभावाचा मुलगा होते, आणि वडिलांच्या खुन्याचा शोध घ्यायला आलेला हा मुलगा पुढे तेथेच कामाला लागला. मालिका 1980 पर्यंत चालली. येथे तरुणाला स्वतःचे दुःख आणि स्वतःचा हेतू होता, म्हणून प्रेक्षकाने त्याला घरातला मानले. याउलट ‘मर्डर, शी रोट’ या अमेरिकी मालिकेत ज्येष्ठ नायिका अँजेला लान्सबरी यांचा भार कमी करण्यासाठी 1989 नंतरच्या दोन हंगामांत काही भाग असे रचले की त्या केवळ आरंभी आणि शेवटी दिसत आणि मधला तपास दुसरेच पात्र करी. विश्रांती देण्याचा हेतू अगदी रास्त होता, पण मला ही रचना कधीच समाधानकारक वाटली नाही. ज्येष्ठ पात्र कथेबाहेर बसून कथा सांगते, तेव्हा प्रेक्षक त्याचीच वाट पाहत राहतो आणि नव्या पात्राला न्याय मिळत नाही. नटाला विश्रांती द्यायची असेल तर त्याची दृश्ये कमी करावीत, पण उरलेली दृश्ये तपासाच्या ऐन मध्यावर ठेवावीत.

आपल्या परिचयाचे उदाहरण ‘सीआयडी’चे आहे. 1998 पासून 2018 पर्यंत ती मालिका दीड हजारांहून अधिक भाग चालली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, तेव्हा शिवाजी साटम 74 वर्षांचे होते. दार तोडायचे ते दयाने, प्रेताचा अहवाल द्यायचा तो डॉ. साळुंखे यांनी, आणि संशय बोलून दाखवायचा तो एसीपी प्रद्युम्न यांनी, ही वाटणी आरंभीच इतकी पक्की बसली होती की वयाचा भार कोणा एकाच्या खांद्यावर आला नाही. वाटणी मालिकेच्या जन्मापासून असली की ती कोणाला खुपत नाही, पाचव्या भागात केली की ज्येष्ठ नटाला ती बढतीविना बदली वाटते.

तरुणाला मूर्ख करू नये. ज्येष्ठाची हुशारी उठून दिसावी म्हणून दुसऱ्याला प्रत्येक भागात चुकवणे हा पटकथाकाराचा आळस आहे. तितकाच वाईट प्रकार म्हणजे तरुणाला जागा मिळावी म्हणून ज्येष्ठाला विसराळू दाखवणे. दोघांच्या अज्ञानाची क्षेत्रे वेगळी ठेवावीत. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांच्यातील तंटा 1975 च्या मुंडकार संरक्षण कायद्यानंतर घराघरांत कसा मुरला, कोणत्या वाड्यावर कोण कोणाशी का बोलत नाही, हे ज्येष्ठाला ठाऊक असावे. मोबाईल टॉवरच्या नोंदी आणि सीसीटीव्हीच्या वेळांतील तफावत तरुणाने वाचावी. आणि प्रत्येकाने एकदा तरी ठळक चूक करावी, जी दुसऱ्याने मोठेपणा न मिरवता सुधारावी. ‘इन्स्पेक्टर मोर्स’ या ब्रिटिश मालिकेत मोर्स झालेले जॉन थॉ आणि त्याचा सहकारी लुईस झालेले केव्हिन व्हेटली यांचे असेच होते. 1987 ते 2000 या काळातील 33 भागांत व्हेटली यांच्या लुईसचे पात्र इतके भक्कम झाले की 2006 पासून त्याच्या नावाची स्वतंत्र मालिका आली, आणि तीत तोच ज्येष्ठ झाला. मूळ कादंबऱ्यांत लुईस वयाने मोठा होता, दूरचित्रवाणीसाठी त्याला मुद्दाम तरुण केले गेले. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो.

संवादांबाबत गोव्यातील नटांची एक सवय ध्यानात घ्यावी लागते. उत्सवी नाटकात विंगेतून प्रॉम्प्टिंग मिळते, आणि वर्षानुवर्षे त्यावर पोसलेला कान वाक्याआधी किंचित थांबतो. रंगमंचावर तो थांबा भारदस्त वाटतो. कॅमेऱ्यासमोर मात्र नजर बाजूला वळते आणि क्लोजअपमध्ये ते लगेच कळते. शेवटच्या उलगड्याचे चार पानी भाषण ज्येष्ठाला एकहाती देऊ नये. ते प्रश्नोत्तरांत मोडावे : ज्येष्ठाने विचारावे, तरुणाने पुराव्यासह उत्तर द्यावे, आणि गुन्हेगाराचे नाव घेण्याचे वाक्य कोणाचे हे भागागणिक बदलावे. प्रश्न पाठ करणे भाषणापेक्षा सोपे असते, शिवाय पुढचे वाक्य सुचवणारा सहकलाकार समोरच उभा असतो.

चित्रीकरणाच्या वेळापत्रकात ज्येष्ठाची दृश्ये सकाळच्या पहिल्या चार तासांत घ्यावीत. मास्टर शॉटची (पूर्ण दृश्य सलग टिपणाऱ्या चित्रणाची) वाट न पाहता त्यांचे क्लोजअप आधी उरकावेत, म्हणजे दुपारी दमणूक आली तरी चेहऱ्यावर ती दिसत नाही. त्या वेळी तरुण नटाने स्वतः कॅमेऱ्यामागे उभे राहून क्यू द्यावा, ते काम सहायकावर सोपवू नये. एप्रिल-मे महिन्यांतील दमट दुपारी बाहेरची दृश्ये ज्येष्ठाच्या वाट्याला मुळीच लावू नयेत. मानधन, नावांचा क्रम आणि जाहिरातफलकावरील छायाचित्र यांविषयी पहिल्या दिवसापूर्वी लेखी ठरवावे, कारण संवाद कमी झाल्याचे दुःख नट गिळतो, पण शीर्षकात नाव खाली गेल्याचे त्याला सर्वांत आधी कळते, तेही बाहेरच्या कोणाकडून.

आणि हे सारे त्याला सांगायचे ते पटकथा हातात देण्यापूर्वी, त्याच्या घरी जाऊन, तरुण नट सोबत नसताना. पहिल्या मालिकेत मी हे टाळले. भाईंनी बदललेली पाने सेटवर, मेकअपच्या खुर्चीत वाचली, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या मालिकेच्या वेळी मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, “भाई, या वेळी जिन्यावर तुम्ही नाही.” त्यांनी विचारले, “मग मी करायचे काय?” मी खवणीचे दृश्य वाचून दाखवले. त्यांनी ते पान मागून घेतले, चष्मा लावून पुन्हा वाचले, आणि म्हणाले, “त्या पोराला सांग, मोबाईल माझ्या उजव्या बाजूने धर. डाव्या डोळ्याला मला कमी दिसते.” चित्रीकरणाच्या दिवशी त्याने तो तसाच धरला.