रायझर लावल्यावर हँडल वळवलं की आरपीएम चढतो: माझा अनुभव
लक्षण: बाइकला ३० मिमीचे रायझर (हँडल वर उचलणारे ठोकळे) बसवले, पाठीला आराम पडला. पण हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं तो वेग) आपोआप चढायचं. चोर्ला घाटातल्या वळणांवर हे धोक्याचंच.

आयडल स्क्रू कमी केला, तर हँडल सरळ असताना गाडी बंद पडू लागली. थ्रॉटल केबलमध्ये (अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेत) तेल सोडलं, फरक शून्य. बेळगावात दोन रविवार यातच गेले, जीव मेटाकुटीला आला.

दोष केबलच्या मार्गात होता. हँडल वर गेलं, केबल तेवढीच राहिली. वळवताना आवरण ताणलं जाऊन आतली तार ओढली जात होती.

आधी टाकी उचलून थ्रॉटल केबल फ्रेमला बांधणारा झिप टाय कापला. केबल कमी वळणाच्या वाटेने नेऊन सैल बांधली. मग अ‍ॅडजस्टरने ग्रिपला २ ते ३ मिमी मोकळीक ठेवली. शेवटी इंजिन चालू ठेवून दोन्ही टोकांना हँडल वळवलं: आरपीएम जागचा हलला नाही.

क्लच केबल आणि पुढच्या ब्रेकचा होजही (ब्रेक ऑइलची नळी) त्याच वेळी तपासा. होज ताणला जात असेल तर लांब होज घ्या किंवा कमी उंचीचे रायझर. तिथे तडजोड नको. रायझर बसवताना जुने आखूड बोल्टही वापरू नका, एम८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टचे निदान १२ मिमी आटे आत बसायला हवेत.