फिजिओथेरपीला नवीन आलेल्यांनो, मान पाठ करू नका, हातात घ्या

पहिल्या वर्षाला ॲनॅटॉमी सुरू झाली की हात-पाय सगळ्यांना जमतात, कारण आपलाच हात समोर धरून बघता येतो. मानेपाशी आलं की गाडी अडते. स्वतःची मान स्वतःला दिसत नाही, आणि एवढ्याशा जागेत मणके, नसा, रक्तवाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका सगळं दाटीवाटीने बसलेलं. मी आता अकरा वर्षं प्रॅक्टिस करतेय, रोजच्या पेशंटमध्ये मानदुखीवाले सगळ्यात जास्त, त्यामुळे मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला आत्ताच सांगावंसं वाटतं.

माझ्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी ॲटलस म्हणजे सी-१, मानेचा सगळ्यात वरचा मणका, हातात दिला. बॉडी (मणक्याचा पुढचा जाड भाग) नाही, स्पायनस प्रोसेस (मागे आलेलं टोक) नाही, मी धडाधडा बोलले. मग त्यांनी त्याच्या खालचा सी-२ म्हणजे ॲक्सिस पुढे केला आणि म्हणाले, आता दोन्ही जोड आणि पेशंट 'नाही' म्हणून मान हलवतोय ते करून दाखव. मी तशीच उभी. सगळं पाठ होतं, हात काही हलेना. त्या रात्री हॉस्टेलवर सीनियरचा बोनसेट, म्हणजे अभ्यासाचा हाडांचा संच, मागून घेतला, ॲक्सिसचा वर आलेला खुंटा म्हणजे डेन्स ॲटलसच्या कडीत घातला आणि कडी त्याच्याभोवती फिरवली. जात्याच्या खुंट्याभोवती वरची तळी फिरते ना, अगदी तसं. दोन मिनिटांचं काम, पण तोपर्यंत महिनाभर मी त्याची फक्त आकृती काढत होते.

तर पहिली गोष्ट ही की मान एक नाही, दोन आहेत असं समजूनच अभ्यास करा. वरची मान म्हणजे कवटी, सी-१, सी-२. 'हो' म्हणताना मुख्य हालचाल कवटी आणि सी-१ मध्ये, 'नाही' म्हणताना सी-१ आणि सी-२ मध्ये. मान एका बाजूला साधारण ८० ते ९० अंश वळते, त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं एकट्या सी-१, सी-२ चं. खालची मान सी-२ ते सी-७, तिथले फॅसेट जॉइंट, म्हणजे मणक्यांना मागच्या बाजूने जोडणारे छोटे सांधे, साधारण ४५ अंशात तिरके, घरावरची कौलं एकावर एक बसवलेली असतात तसे. म्हणून मान पुढे वाकवली की ती कौलं एकमेकांवरून वर सरकतात, आणि मान एका खांद्याकडे कलवली की खालचे मणके आपोआप त्याच बाजूला थोडे वळतातही. हे 'कपल्ड मोशन' पुस्तकातून डोक्यात शिरत नाही, हाडं हातात घेतली की लगेच शिरतं. याचाच क्लिनिकमध्ये उपयोग असा, की पेशंटची मान पूर्ण पुढे वाकवून मग डोकं वळवलं तर खालचे जॉइंट आधीच ताणले गेलेले असतात, जे वळणं उरतं ते मुख्यतः सी-१, सी-२ चं, नॉर्मल माणसात दोन्हीकडे साधारण ४५ अंश. मानेतून येणारी डोकेदुखी असेल तर एका बाजूला ते स्पष्ट कमी भरतं.

बायोमेकॅनिक्सला घाबरून लोक फॉर्म्युले पाठ करतात, त्यापेक्षा एसटीत डुलकी घेणाऱ्या माणसाकडे बघा. हनुवटी छातीवर येते, बरोबर? कारण डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, आणि त्याचा गुरुत्वमध्य कवटी-मणक्याच्या सांध्याच्या थोडा पुढे. जागेपणी मागचे स्नायू ओढून धरतात, झोप लागली की ते सैल पडतात. हाच फर्स्ट क्लास लिव्हर (तरफ), मध्ये टेकू, पुढे वजन, मागे स्नायूंची ओढ. मान जितकी पुढे जाईल तितकं वजन टेकूपासून लांब. ६० अंश वाकवलेल्या मानेवर २७ किलोंचा भार येतो हा आकडा तुम्ही मोबाईलवर शंभरदा बघितला असेल, तो २०१४ सालच्या एका मॉडेलवरच्या हिशेबातून आलाय, माणसांच्या मानेत मोजलेला नाही, तेव्हा पेशंटला घाबरवायला तो वापरू नका प्लीज. मला यापेक्षा चुंबळीवर दोन हंडे घेऊन चालणारी बाई जास्त शिकवून गेली. वजन कितीतरी जास्त, पण ते सरळ मणक्यांच्या रेषेत, म्हणून मागच्या स्नायूंना फार ओढावं लागत नाही, दाब मात्र सगळा मणक्यांमधल्या चकत्यांवर आणि हाडांवर. आणि शिलाई मशीनवर वाकलेल्या बाईच्या डोक्यावर काहीच नसतं तरी संध्याकाळी तिची मान भरून येते.

अशाच एक शिवणकाम करणाऱ्या ताई माझ्याकडे आलेल्या, एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज', म्हणजे चकती थोडी फुगून बाहेर आलेली, असं वाचून रडकुंडीला आलेल्या, आता मान गेली म्हणत. जपानमधल्या २०१५ च्या अभ्यासात काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय बघितले तर ८७.६ टक्के लोकांत बल्ज होता, हे मी त्यांना साध्या भाषेत सांगितलं. मग पाठीवर झोपवून मानेखाली प्रेशरची पिशवी ठेवली, २० एमएम (पाऱ्याच्या) दाबाला सुरुवात, हळूच 'हो' म्हणत २२, २४ असं ३० पर्यंत जायचं असतं. त्यांचा २४ लाच काटा थरथरायला लागला आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्टर्नोमॅस्टॉइड स्नायू दोरीसारखे वर आले. म्हणजे मणक्यांना पुढून चिकटलेले आतले स्नायू, लॉंगस कोली, लॉंगस कॅपिटिस, दमलेले आणि बाहेरचे त्यांचं काम ओढत होते. रोजचा तो छोटासा व्यायाम आणि मशीनखाली दोन विटा, दीड महिन्यात बराच फरक पडला.

नसांचं गणित एकदाच नीट बसवा. मणके ७, नसा ८. सी-७ पर्यंतची प्रत्येक नस आपल्या नंबरच्या मणक्याच्या वरून निघते, आठवी सी-७ आणि टी-१ (छातीचा पहिला मणका) यांच्या मधून. म्हणून सी-५, सी-६ मधली चकती सरकली तर सी-६ ची नस दबते. पेशंटला "मुंग्या कुठल्या बोटाला?" एवढंच विचारा. अंगठा असेल तर सी-६, मधलं बोट सी-७, करंगळी सी-८, मग पुढच्या टेस्ट.

हात बसवायला घरच्यांच्या माना वापरा, मी सुट्टीत आईच्या मानेवर शिकले. मागून मानेच्या मुळाशी वर आलेल्या दोन गाठींवर बोटं ठेवा, डोकं हळूच मागे न्यायला सांगा, जी बोटाखालून निसटते ती सी-६, जी तिथेच राहते ती सी-७. पुढून हायॉइड (हनुवटीखालचं गळ्यातलं हाड) सी-३ ला, क्रिकॉइड (स्वरयंत्राखालची कडी) सी-६ ला. शेजारीच कॅरोटिडचे, म्हणजे डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचे, ठोके लागतील, दोन्ही बाजू एकदम कधीही दाबायच्या नाहीत. आणि सलूनमध्ये झटका देऊन मान मोडून घेणारं कुणी घरात असेल तर त्याला थांबवा. व्हर्टिब्रल आर्टरी, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी रक्तवाहिनी, सी-६ पासून मणक्यांच्या भोकांतून वर जाते आणि ॲटलसवर एकदम मागे वळून मग कवटीत शिरते, त्या झटक्याने तिचं अस्तर फाटून स्ट्रोक आलेल्या केसेस आहेत.

बोनसेट सीनियरकडून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी ॲटलस ॲक्सिसवर बसवून फिरवून बघा. बऱ्याच सेटमध्ये दोन वेगवेगळ्या माणसांचे मणके एकत्र झालेले असतात, ते एकमेकांत बसत नाहीत आणि मग शिकणारा स्वतःलाच दोष देत बसतो.