अलिबाग ते मुरूड किनाऱ्याने चालत जायचंय? आधी तिथी बघा

आपण पुण्याची मंडळी रविवारी सिंहगड चढणारी, त्यामुळे सपाट किनारा म्हणजे सोप्पंच असणार असं वाटतं. पण इथे कधी चालायचं ते समुद्र ठरवतो. अलिबाग ते मुरूड रस्त्याने साधारण ५० किमी, तीन दिवसांत निवांत होतं, फक्त मॅप उघडण्याआधी कॅलेंडर उघडा.

कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, तर पहाटे आणि दुपारी ३ च्या आसपास भरती, आणि सहा तासांनी म्हणजे सकाळी ९ ला पूर्ण ओहोटी. रोज हे साधारण ५० मिनिटं पुढे सरकतं. म्हणून द्वितीयेला सुरुवात करा, सलग तीन दिवस सकाळी ओली घट्ट वाळू मिळते. अष्टमीच्या आसपास नका जाऊ, तेव्हा भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती, पाणी फारसं मागे हटत नाही आणि सकाळी चालायला उरते ती भुसभुशीत कोरडी वाळू, तिच्यात पोटऱ्या भरून येतात. नेमकी वेळ टाइड टेबलवर चेक कराच, आणि जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

आदल्या संध्याकाळी एसटीने अलिबागला मुक्काम. सकाळी ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन या, पाणी वाढायच्या आत परत फिरा. मग साखरची खाडी रस्त्याने ओलांडून आक्षी. खाडीचं तोंड ओहोटीला कितीही उथळ दिसलं तरी त्यात उतरायचं नाही, ओढ आणि चिखल वरून कळत नाही. आक्षीत जुना मराठी शिलालेख आहे, थांबून बघा. पुढे नागाव, चौल, रेवदंडा.

चौलला घाई करू नका प्लीज. प्राचीन ग्रीक अभ्यासक टॉलेमीच्या भूगोलात ज्याचं नाव येतं ते हे बंदर, १५व्या शतकात रशियन प्रवासी अफानासी निकितिन इथेच उतरला, आणि आज नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चालताना मध्येच पडकी भिंत दिसते. रेवदंड्यात पोर्तुगीज कोटाची तटबंदी थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत येते, आत सातखणी मनोरा उभा आहे. गाडीने जाणारे हे सगळं दहा मिनिटांत मागे टाकतात, मला खरंच वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी कुंडलिका नदी पुलावरून ओलांडा आणि कोर्लई गाठा. किल्ला लांबट डोंगरावर आहे, खालच्या गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. तिथून काशीदपर्यंत मध्ये मध्ये खडक येतात, तिथे हट्ट न करता वर रस्त्याला लागायचं, शेवाळावर पाय सरकला तर ट्रिप तिथेच संपते. काशीदला पोहायला उतरू नका, पाणी ओढतं.

पुळण समुद्राकडे उतरती असते, सतत एकाच दिशेने चालल्यावर एका बाजूचा गुडघा दुखतो, म्हणून जिथे सपाट पट्टा मिळेल तिथूनच चाला. बूट हलके, मोजे दोन जोड, माणशी तीन लिटर पाणी, टोपी. ११ नंतर सावली शोधा.

तिसऱ्या दिवशी नांदगाव करत मुरूड, समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याची होडी राजपुरीहून सुटते, तिथवर रिक्षा करा, पायांचं काम झालंय.