डिप्रेशनसाठीचा ऑनलाइन कार्यक्रम अर्ध्यावर सुटू नये म्हणून

डिप्रेशनसाठीचे बरेचसे ऑनलाइन कार्यक्रम सीबीटीवर, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याच्या उपचारपद्धतीवर आधारलेले असतात. ऑस्ट्रेलियातला ‘मूडजिम’ तर २००१ मध्येच सुरू झाला. पद्धत कसाला उतरलेली आहे, पण लोक ती मध्येच सोडतात.

आधी मोजा. पीएचक्यू-९ या डिप्रेशन किती आहे ते मोजायच्या प्रश्नावलीत गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात, जास्तीत जास्त गुण २७. बेरीज ५ ते १४ असेल तर कार्यक्रमाने सुरुवात करायला हरकत नाही. १५ किंवा जास्त असेल तर आधी डॉक्टर, कार्यक्रम जोडीला. नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य नसेल तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२.

सोबत माणूस हवाच. समुपदेशक आठवड्याला विचारपूस करतो असा कार्यक्रम मिळाला तर तोच घ्या; एकट्याने केलेल्यापेक्षा त्याचा फायदा जास्त होतो. नाही मिळाला तर बहिणीला किंवा मित्राला सांगा, ‘दर रविवारी विचार, या आठवड्याचा भाग झाला का?’ एवढंच.

वार आणि वेळ ठरवा. आठवड्याला एकच भाग, ३०-४० मिनिटांच्या दोन बैठकांत. नुसतं वाचून उपयोग नाही, वही लागतेच.

सुरुवात कृतीपासून करा. डिप्रेशनमध्ये उत्साह आल्यावर काम करू म्हटलं तर तो येत नाही. काम सुटतं आणि मन आणखी खचतं. म्हणून काम अगदी लहान घ्या: सकाळी ८ वाजता तुळशीला तांब्याभर पाणी. आधी वहीत लिहा, किती बरं वाटेल? १० पैकी १. नंतर लिहा, किती वाटलं? ३ आलं तरी तो पुरावा आहे, कारण या आजारात मन आधीच वाईट अंदाज बांधतं.

मग विचारांची नोंद. प्रसंग: मावशीने फोन उचलला नाही. विचार: मी कुणालाच नकोशी झालेय. इथे ‘सगळं छान होईल’ असं लिहू नका. ते मनाला पटत नाही आणि वही बंद होते. पुरावा शोधा: गेल्या रविवारी तिनेच फोन केला होता, या वेळी ती देवळात असते.

एखादा आठवडा चुकेलच. तेव्हा पहिल्यापासून सुरू करू नका, जिथे थांबलात तिथून पुढचं पान उघडा. पीएचक्यू-९ दर २ आठवड्यांनी भरा, रोज नको. ६ आठवड्यांत बेरीज ५ गुणांनीही उतरली नाही तर वही घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. गोळ्या चालू असतील तर बरं वाटू लागलं तरी त्या आपल्या मनाने बंद करू नका.