सीमाभागातील मराठी घरात फोन, टीव्ही आणि ओटीटीची भाषा कशी लावावी

बेळगावातील शहापूर, वडगाव किंवा जवळच्या खानापूर येथील मराठी घरात नवा स्मार्ट टीव्ही बसवला की पहिल्याच संध्याकाळी बहुधा ठरलेली तक्रार ऐकू येते. पडद्यावर कन्नड चित्रपटांची रांग आधी येते, जाहिराती कन्नडमध्ये लागतात आणि आजींना हवी असलेली मराठी मालिका शोधून देण्यासाठी नातवाला हाक मारावी लागते. यात कोणाचा आकस नाही. मनोरंजन सेवा प्रेक्षकाची भाषा दोन-तीन खुणांवरून ताडतात : इंटरनेट जोडणी कोणत्या गावची दिसते, खाते कोणत्या भाषेत उघडले आहे आणि आजवर काय पाहिले गेले आहे. आपल्या भागातील जोडणीचा पत्ता पुष्कळदा बेंगळुरूचा दिसतो, त्यामुळे हा अंदाज राज्यापुरता बरोबर येतो आणि घरापुरता चुकतो. म्हणून भाषा आपणच सांगावी लागते आणि ती एकदा सांगून भागत नाही. फोन, गूगल खाते, प्रत्येक सेवा, त्या सेवेतील प्रत्येक प्रोफाइल आणि टंकलेखनाचा कळफलक अशा निरनिराळ्या ठिकाणी ती वेगवेगळी नोंदवावी लागते.

मात्र उत्साहाच्या भरात सगळेच मराठी करून टाकू नये. वीजबिलाचे संदेश, जमिनीची पहाणी (सातबाऱ्यासारखा उतारा), मुलांच्या शाळेच्या सूचना यांपैकी बरेच काही येथे कन्नडमध्ये येते आणि ते ज्या भाषेत येते त्याच भाषेत समोर असलेले बरे असते. बँकेचे ॲप इंग्रजीतच वापरण्याची सवय असेल तर तेही बदलण्याचे कारण नाही, कारण पैशांच्या व्यवहारात अनोळखी शब्दापाशी थबकून चुकीचे बटण दाबले जाण्याची भीती असते. प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवण्याची सोय अँड्रॉइड १३ या २०२२ साली आलेल्या आवृत्तीपासून फोनमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये भाषांच्या विभागात गेल्यावर ॲपनिहाय भाषा निवडता येते, म्हणजे फोन इंग्रजीत, यूट्यूब मराठीत आणि एखादे सरकारी ॲप कन्नडमध्ये असे एकाच वेळी ठेवता येते. काही ॲप या यादीत दिसत नाहीत. त्यांची भाषा त्यांच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये शोधावी.

फोनची भाषा लावून झाली की गूगल खात्याकडे वळावे. खात्याच्या वैयक्तिक माहितीत भाषेचा एक विभाग आहे. तेथे मराठी ही पहिली भाषा ठेवावी आणि घरात ज्या भाषा खरोखर वाचल्या जातात त्या तिच्याखाली जोडाव्यात. वापरावरून ताडून भाषा आपोआप जोडण्याचा एक पर्यायही तेथेच असतो, तो बंद करावा. अन्यथा पाहुण्यांनी दोन दिवस आपल्या फोनवर तेलुगू गाणी ऐकली तर तेलुगूही यादीत येऊन बसते. एवढे केल्यावर जाहिरातींची भाषा पूर्णपणे आपल्या हाती येईल, ही अपेक्षा आधीच सोडून द्यावी. जाहिरात देणारा ठिकाण पाहून जाहिरात देतो आणि ठिकाण तर आपण बदलू शकत नाही.

यूट्यूबमध्ये सेटिंग्जमधील स्थान म्हणजे देश. त्यात राज्य किंवा जिल्हा निवडता येत नाही, त्यामुळे तेथे वेळ घालवू नये. यूट्यूब मुख्यतः पाहण्याच्या इतिहासावर चालते. नको असलेल्या व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबून त्यात रस नसल्याचे किंवा ते चॅनल सुचवू नये असे सांगता येते. आठवडाभर हे चिकाटीने केले आणि इतिहासातील नको त्या नोंदी पुसल्या तर फरक दिसतो. घरातील सर्वांनी एकाच खात्यावर पाहायचे आणि सूचना मात्र आपल्याच आवडीच्या याव्यात असे म्हणायचे, हे जमणार नाही. आजींसाठी वेगळे खाते उघडून टीव्हीवर ते जोडणे हा खरा उपाय आहे. अलीकडे काही व्हिडिओंना यंत्राने केलेला दुसऱ्या भाषेतील आवाज जोडलेला असतो, त्यामुळे ओळखीचा वक्ता अचानक परक्या, सपाट स्वरात बोलू लागतो. अशा वेळी व्हिडिओवरील दातेरी चक्राच्या चिन्हात जाऊन ऑडिओ ट्रॅक मूळ भाषेचा निवडावा.

ओटीटी म्हणजे इंटरनेटवरून मालिका-चित्रपट दाखवणाऱ्या सेवांमध्ये दोन गोष्टींची गल्लत होते : पडद्यावरील सूचनांची भाषा आणि कार्यक्रमांची भाषा. झी५मध्ये या दोन्ही वेगवेगळ्या निवडता येतात. पहिली मराठी केली आणि दुसरी तशीच राहिली तर बटणे मराठीत दिसतात आणि मालिका मात्र इतर भाषांतल्या, असा प्रकार होतो. नेटफ्लिक्समध्ये भाषा प्रोफाइलला चिकटलेली असते, खात्याला नव्हे. तेथे टीव्हीवर चित्रपट चालू असताना आवाज आणि उपशीर्षकांच्या यादीत पूर्वी सगळ्या भाषा येत नसत, तर ठिकाण आणि प्रोफाइलची भाषा पाहून निवडलेल्या मोजक्याच भाषा दिसत; २०२५ पासून टीव्हीवरही उपलब्ध भाषांची पूर्ण यादी मिळते. तरीही यादीत मराठी दिसली नाही तर चित्रपटात मराठी नाहीच असे लगेच धरून चालू नये. आधी त्या प्रोफाइलच्या भाषांमध्ये मराठी जोडावी आणि मग पुन्हा पाहावे. घरात पाच माणसे असली तर प्रत्येकाचे प्रोफाइल वेगळे काढावे आणि त्यावर नाव देवनागरीत लिहावे. लहान मुलांच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा लावावी आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावावा, कारण पिन नसेल तर मुले सरळ वडिलांच्या प्रोफाइलमध्ये जातात. मुलगा नोकरीसाठी पुण्यात आणि आईवडील बेळगावात अशी कुटुंबे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतातही एक खाते एका घरापुरतेच असा नियम लागू केला आहे, त्यामुळे मुलाच्या खात्यावर गावाकडचा टीव्ही अडू शकतो.

टीव्हीवर शोध घेताना रिमोटने एकेक अक्षर टिपत बसण्याऐवजी, टीव्ही गूगलच्या प्रणालीवर चालणारा असेल तर, फोन रिमोट म्हणून जोडावा. मग फोनच्या कळफलकाने लिहिता येते. नाव देवनागरीत लिहून सापडले नाही तर रोमन लिपीत दोन-तीन पद्धतींनी लिहून पाहावे. बोलून शोधताना बेळगावी ढब थोडी बाजूला ठेवावी लागते; ‘ये की’, ‘बस की’ या वळणाने बोललेले यंत्राला नीट उमगत नाही, फक्त कार्यक्रमाचे नाव तेवढे स्पष्ट उच्चारावे.

आता कळफलक. या विषयाला थोडा अधिक वेळ द्यावा असे मला वाटते, कारण सीमाभागातील माणसाला येथे एक फायदा आहे आणि तो फारसा कोणी घेत नाही. फोनवर गूगलच्या जीबोर्डमध्ये मराठी जोडताना देवनागरी अक्षरांची मांडणी आणि रोमनमध्ये लिहून मराठी उमटवणारी मांडणी असे दोन पर्याय मिळतात. बहुतेक जण दुसरा घेतात आणि तो घाईच्या संदेशाला पुरतो. अनेकांच्या फोनवर मात्र मराठीऐवजी हिंदी कळफलक असतो, मग ‘ळ’ शोधताना दमछाक होते आणि सुचवले जाणारे शब्दही हिंदी वळणाचे येतात. तो काढून मराठी जोडावा. संगणकावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा या विभागातून मराठी जोडता येते. तेथे इनस्क्रिप्ट मांडणी मिळते आणि २०१९च्या मे महिन्यातील सुधारणेपासून उच्चारानुसारी फोनेटिक मांडणीही मिळते. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबले की भाषा बदलते.

ज्याला मराठी आणि कन्नड दोन्ही लिहाव्या लागतात त्याने फोनेटिकचा मोह टाळून इनस्क्रिप्ट शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन. केंद्र सरकारच्या पुढाकाराने १९८६ साली ठरलेली ही मांडणी सर्व प्रमुख भारतीय लिप्यांसाठी एकच आहे. इंग्रजी ‘के’च्या कळीवर मराठीत क उमटतो, तर कळफलक कन्नड केल्यावर त्याच कळीवर कन्नड क उमटतो, ‘आय’वर ग, ‘ओ’वर द, ‘एल’वर त, असेच पुढे. शिफ्ट धरून ‘एन’ दाबले की ळ येतो, आणि ळ हा तर दोन्ही भाषांचा लाडका वर्ण आहे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतील अर्धा र अनेकांना जमत नाही. त्यासाठी शिफ्ट धरून ‘जे’ दाबावे, नंतर ‘डी’ दाबून पाय मोडावा आणि मग य लिहावा. पंधरा-वीस दिवस रोज अर्धा तास बसले की बोटांना सवय होते आणि एकाच मेहनतीत दोन लिप्या हाताशी येतात. कर्नाटकातील सरकारी नोकरीच्या कन्नड टंकलेखनासाठी मात्र वेगळी, नुडी या सॉफ्टवेअरमुळे परिचित झालेली मांडणी चालते, ती स्वतंत्र शिकावी लागेल.

डेटाविषयी थोडक्यात सांगतो. खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी या भागात पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून पाहायचे ते घरच्या किंवा गावातील वाय-फायवर आधीच डाउनलोड करून ठेवावे. डाउनलोड केलेले कार्यक्रम ठरावीक दिवसांनी आपोआप निकामी होतात आणि काही तर एकदा पाहायला सुरुवात केल्यावर ४८ तासांत मिटतात, तेव्हा महिन्याभराचा साठा करून उपयोग नाही. मोबाइल डेटावर पाहायचेच असेल तर ॲपमध्ये बचतीचा पर्याय निवडावा. नेटफ्लिक्सवर कमी दर्जाला तासाला सुमारे ०.३ जीबी, तर एचडी दर्जाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर एचडी चित्रपट का अर्ध्यात थांबतो, ते यावरून कळेल.

पैशांच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका सेवेने ‘दोन रुपयांत सात दिवस’ असे दाखवले, मी दोन रुपये भरले, मालिका पाहून झाल्यावर ॲप काढून टाकले आणि विषय संपला असे समजलो. पुढे तीन महिने दरमहा २९९ रुपये, म्हणजे एकूण ८९७ रुपये खात्यातून गेले. दोन रुपये भरताना मी खरे तर ऑटोपेला, म्हणजे ठरावीक मुदतीने पैसे आपोआप कापले जाण्याला, संमती दिली होती. ॲप काढून टाकल्याने सदस्यत्व रद्द होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

यूपीआय ऑटोपेची सोय २०२० सालच्या जुलैपासून आहे. संमती देताना पडद्यावर तीन गोष्टी दिसतात : कमाल रक्कम, किती दिवसांनी आकारणी होणार आणि संमती कोणत्या तारखेपर्यंत आहे. आज कापली जाणारी रक्कम दोन रुपये असली तरी वाचायची ती कमाल रक्कम. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे. १५,००० रुपयांपर्यंतच्या आकारणीसाठी दर वेळी वेगळा ओटीपी किंवा पिन विचारला जात नाही. २०२२च्या जूनपूर्वी ही मर्यादा ५,००० रुपये होती. आदल्या दिवशीचा तो संदेश बहुधा इंग्रजीत असतो आणि जाहिरातींच्या गर्दीत बुडून जातो. मलाही तो तिन्ही वेळा आला होता, मी वाचला नव्हता.

सदस्यत्व बंद करताना दोन्ही दारे लावावीत. आधी सेवेच्या खात्यात जाऊन सदस्यत्व रद्द करावे, मग यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या यादीत जाऊन ती संमतीही रद्द करावी. गूगल प्लेमार्फत पैसे भरले असतील तर रद्द करण्याची जागा प्ले स्टोअरमधील सदस्यत्वांच्या यादीत आहे; सेवेच्या संकेतस्थळावर कितीही शोधले तरी ते बटण तेथे सापडेलच असे नाही. रद्द केल्यावरही भरलेल्या मुदतीपर्यंत कार्यक्रम बहुधा पाहता येतात, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट पाहत बसू नये. रद्द झाल्याच्या पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा.

रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवणे ही केवळ गैरसोय नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली असून सदस्यत्वाचा सापळा हा त्यांपैकी एक प्रकार आहे. तक्रार करण्यासाठी सेवेचा क्रमांक शोधयंत्रात शोधू नये, कारण तेथे भामट्यांनी पेरलेले खोटे क्रमांकही असतात. ॲपमधील मदत विभागातूनच संपर्क साधावा आणि फोनचा पडदा दाखवणारे कोणतेही ॲप कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. फसवणूक होऊन पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे, तासभराचा उशीरही महाग पडतो. सेवा दाद देत नसेल आणि पैसे परत करत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे १७ भाषांत तक्रार नोंदवता येते आणि त्यांत मराठीही आहे, कन्नडही आहे.